संगणकाचे भय आणि भयाचा व्यापार

संगणक ही वस्तू जव्हार व मोखाडा ह्या दोन तालुक्यांत आता नवलाईची राहिलेली नाही. ग्रामपंचायतीच्या कचेरीत तो आहे, दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्रात आहे, झेरॉक्सच्या दुकानात आहे, आणि अलीकडे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरीही तो आला आहे. बहुधा तो दुसऱ्याने वापरलेला, ठाण्याहून वा नाशिकहून आणलेला असतो, आणि तो घेण्यासाठी नागलीभाताचे पैसे, वीटभट्टीवरील एका हंगामाची मजुरी किंवा बचत गटाचे कर्ज खर्ची पडलेले असते. अशा घरात एके दिवशी त्या यंत्राच्या पडद्यावर तांबडी पाटी झळकते, घंटा वाजू लागते, आणि तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे असा आवाज येऊ लागतो, तेव्हा घरच्या माणसांची गाळण उडावी ह्यात आश्चर्य ते काय? परंतु आम्ही जे पाहिले व ऐकले आहे त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, ह्या दोन तालुक्यांत प्रत्यक्ष विषाणूने लोकांचे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान विषाणूच्या भीतीने केले. ती भीती विकणारे लोक आहेत, आणि त्यांचा धंदा बरा चालतो. तो कसा चालतो हे पालकवर्गास समजावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

संगणकाचा विषाणू म्हणजे देवी वा पटकीसारखा रोगजंतू नव्हे. ती माणसाने लिहिलेली एक आज्ञावली असते. मालकाच्या नकळत संगणकात शिरावे, आपल्या प्रती काढाव्यात व दुसऱ्या यंत्रात जावे, एवढे तिला शिकवलेले असते. घरगुती संगणकांमध्ये आरंभीच्या काळात ज्यांचा मोठा प्रसार झाला त्यांपैकी 'ब्रेन' नावाचा विषाणू १९८६ साली लाहोर येथील दोघा भावांनी लिहिला. आपली आज्ञावली लोक फुकट उतरवून घेतात, त्यांना अद्दल घडावी असा त्यांचा हेतू होता असे ते सांगत. आणि गंमत अशी की, त्या विषाणूच्या पोटात त्यांनी आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घालून ठेवला होता! पडद्यावर दूरध्वनी क्रमांक देणारे लोक आजही आहेत. त्यांचा हेतू मात्र निराळा आहे. त्यांच्याकडे आम्ही पुढे येऊच.

विषाणूंशी झुंजण्याच्या विद्येत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असावे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे श्री. कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या कामास लागले. पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले, संगणकांची दुरुस्ती हाती घेतली, आणि त्यांच्या ध्यानात आले की दुरुस्तीस येणाऱ्या पुष्कळ यंत्रांत लोखंड वा तार बिघडलेली नसून विषाणू शिरलेला असतो. त्यांचे धाकटे बंधू श्री. संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी ते विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली. त्यातूनच 'क्विक हील' ही कंपनी उभी राहिली व फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात आले. विषाणू ही मंत्रतंत्राची बाब नसून समजून घेण्याची व दुरुस्त करण्याची बाब आहे, हे एका दुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या तरुणाने ओळखले, ह्याचे आम्हास विशेष वाटते.

आता आपल्या भागाकडे वळू. घाटमाथ्यावर आंतरजालाची दोरी अजून अशक्त आहे. खोडाळ्याकडे वा सूर्यमाळेच्या बाजूस पावसाळ्यात ती दिवसच्या दिवस तुटते. म्हणून आपल्याकडे विषाणू बहुधा आंतरजालातून न येता पेनड्राइव्हमधून येतो. मुलगा अर्जाची छपाई करण्यास पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या दुकानात जातो. त्या दुकानातील यंत्रात दिवसभरात शंभर लोकांचे पेनड्राइव्ह लागलेले असतात. ह्याच्याही पेनड्राइव्हला लागण होते. घरी येऊन पाहतो तो आपले सगळे कप्पे नाहीसे झालेले असतात, आणि त्यांच्या जागी त्याच नावांच्या बाण काढलेल्या पोकळ खुणा दिसतात. त्या खुणेवर टिचकी मारली की विषाणू घरच्या संगणकात शिरतो. पुष्कळ ठिकाणी ह्या वेळी दुरुस्तीवाला सांगतो, "सगळे गेले, फॉरमॅट करावे लागेल." फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसून कोरी करणे. त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि मुलांचे फोटो, जातीच्या दाखल्याची प्रत, सातबाऱ्याचा उतारा हे सारे पुसले जाते ते निराळेच.

वास्तविक अशा वेळी बहुधा काहीच गेलेले नसते. ह्या जातीचा विषाणू कप्पे पुसत नाही, ते लपवतो. संगणकात मुळात असलेल्या संरक्षकाकडून प्रथम पेनड्राइव्हची तपासणी करून घ्यावी, म्हणजे विषाणू निघून जातो. नंतर लपलेल्या वस्तू दाखवण्याची सोय चालू केली, किंवा तेवढ्याने न भागल्यास एका ओळीची आज्ञा दिली, की कप्पे जसेच्या तसे पुढे येतात. ही ओळ वरच्या वर्गातील मुलास एका तासात शिकता येते. तेव्हा 'फॉरमॅट' हा शब्द कानी पडताच पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: "आतील कागद अगोदर बाहेर काढून देता काय?" ह्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणाऱ्या दुकानातून यंत्र उचलून घरी आणलेले बरे.

हा झाला पेनड्राइव्हचा प्रकार. लेखाच्या आरंभी जी तांबडी पाटी सांगितली ती ह्याहून वेगळी, आणि अधिक महागात पडणारी. मोखाड्याकडील आमच्या परिचयाच्या एका पालकांच्या घरी ती उमटली. मुलगी अभ्यासाचे काही शोधत असता ते पान पडद्यावर आले, यंत्र बंद करू नका, बंद केल्यास बँकेतील पैसे जातील, ह्या क्रमांकावर तत्काळ फोन करा, असे त्यावर लिहिले होते. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. त्याने एक आज्ञावली उतरवून घेण्यास सांगितले, तिच्यातून तो दुरूनच संगणकात शिरला, आणि यंत्राच्या आतील एक नोंदवही उघडून तांबड्या-पिवळ्या खुणांच्या रांगा दाखवून म्हणाला, "पाहा, किती विषाणू आहेत!" पैसे त्याच रात्री गेले. त्यात मुलीच्या पुढल्या वर्षाच्या वसतिगृहाची रक्कम होती.

ह्यातील प्रत्येक पायरी फसवणुकीची होती. ती पाटी म्हणजे केवळ एक चित्र. भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीहून तिची शक्ती अधिक नाही. आंतरजालावरील पानाला तुमचा संगणक आतून तपासता येत नाही, मग विषाणू सापडला हे त्यास कळले कसे? मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्पष्ट सांगितले आहे की, तिच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. आणि ती नोंदवही? ती प्रत्येक विंडोज संगणकात असते, व अगदी निरोगी यंत्रातही तीत तांबड्या-पिवळ्या खुणा असतात. छपाईयंत्र जोडलेले नसले तरी एक खूण उमटते. धडधाकट माणसाच्या नाडीवर हात ठेवून "आयुष्य थोडेच उरले" म्हणणाऱ्या वैदूची ही नवी आवृत्ती होय. अशी पाटी दिसली असता फोन करू नये. कळफलकावरील 'एस्केप' कळ थोडा वेळ दाबून धरावी, मग 'आल्ट' व 'एफ-फोर' ह्या कळा एकदम दाबाव्यात. तेवढ्याने पान न मिटल्यास यंत्राचे चालू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ते बंद करावे. पुन्हा सुरू केल्यावर मागील पाने उघडू काय असे विचारले तर नाही म्हणावे. एवढ्याने संकट टळते, आणि त्यास एक पैसाही लागत नाही.

दुरून संगणकात शिरण्याची 'एनीडेस्क'सारखी साधने मुळात प्रामाणिक कामासाठी केलेली आहेत. पण चोराच्या हाती गेल्यास ती घराची किल्ली ठरतात. अशाच एका प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. ज्या माणसाला आपण स्वतः शोधून बोलावलेले नाही, त्याच्या सांगण्यावरून असे साधन उतरवू नये.

हे लोक कोण, असा प्रश्न मुलांच्या मनात येईल. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेपलीकडे मीरा रोड येथे ठाणे पोलिसांनी कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथील तरुण मुलेमुली अमेरिकेतील लोकांस फोन करून, आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोत, कर भरा नाहीतर अटक होईल, असे धमकावीत असत. शेकडो कर्मचारी ताब्यात घेतले गेले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' ह्या नावाने देशात ७६ ठिकाणी छापे घातले; त्यांतील काही प्रकरणे मायक्रोसॉफ्ट व अॅमेझॉन ह्या कंपन्यांच्या तक्रारीवरून, त्यांच्या नावाने खोटी दुरुस्ती विकणाऱ्यांविरुद्ध होती. येथे आमच्या वरच्या वर्गातील मुलांस एक गोष्ट बजावून सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मीरा रोडला पकडली गेलेली पुष्कळ मुले बरे इंग्रजी बोलता येते एवढ्याच भांडवलावर नोकरीस लागली होती. शाळा सोडल्यावर वसई-ठाण्याकडे कामाच्या शोधात जाल, तेव्हा मालकाने पहिल्या दिवशी खोटे नाव घेऊन बोलावयास सांगितले, तर त्याच पावली परत फिरावे.

आता खरे संरक्षण कशाने होते व त्यास खर्च किती, ते पाहू. २०१२ साली विंडोजची आठवी आवृत्ती निघाली तेव्हापासून विषाणूंचा प्रतिबंध करणारा 'डिफेंडर' हा पहारेकरी यंत्रातच असतो. त्याचे वेगळे मोल नाही. नव्या संगणकात पुष्कळदा दुसऱ्या एखाद्या कंपनीचे संरक्षण थोड्या दिवसांसाठी फुकट घालून दिलेले असते. मुदत संपली की ते 'तुम्ही धोक्यात आहात' असे रोज ओरडू लागते, आणि पालक घाबरून पैसे भरतात. विकतचे संरक्षण वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. ज्याची पेढी वा कचेरी आहे त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु घरी अभ्यास व पत्रव्यवहार करणाऱ्यास ते काढून टाकता येते, आणि ते निघताच डिफेंडर आपोआप पहाऱ्यावर येतो. मात्र ह्या पहारेकऱ्यास नव्या चोरांची माहिती वेळोवेळी मिळाली पाहिजे. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी, दोरी बरी असेल अशा वेळी, मोबाइलचे जाल जोडून यंत्रास नवी सुधारणा उतरवू द्यावी. "पुढे पाहू" म्हणून ती ढकलू नये.

ही सुधारणा म्हणजे छपराच्या फुटक्या कौलाच्या जागी नवे कौल. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांना कुलूप लावून खंडणी मागितली, इंग्लंडमधील रुग्णालयांची कामे अडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी सुधारणा कंपनीने त्याच वर्षी मार्चमध्येच फुकट दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यावर घाला आला. पुढच्याच महिन्यात अशाच दुसऱ्या विषाणूने मर्स्क ह्या जहाज कंपनीस गाठले, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या धक्क्याचे काम ठप्प झाले. कोट्यवधींचा व्यवहार करणारेही सुटले नाहीत, तेव्हा आळस सर्वांनाच भोवतो.

जुन्या यंत्रांविषयी दोन शब्द. विंडोज १० ह्या आवृत्तीची नियमित सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि नवा संगणकच घ्या असा सल्ला दुकानांतून मिळू लागला. घरगुती ग्राहकांस कंपनीने आणखी एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. शिवाय 'लिनक्स' आहे. १९९१ साली फिनलंडमधील एका विद्यार्थ्याने आरंभलेली ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावरही चालते, आणि केरळातील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे तीवरच शिकत आली आहेत. दाखला लिहिणे, हिशेब मांडणे, पत्र पाठवणे ह्यांस ती पुरते. काही कामे तीवर होत नाहीत हेही खरे.

दुरुस्तीस पैसे द्यावे लागतात अशा वेळा येतात. वीज पडून भाग जळला, चकती बिघडली, तर कारागिरास त्याचे मोल दिलेच पाहिजे. मात्र आकडा अगोदर ठरवावा, काढलेला जुना भाग परत मागावा, यंत्राचा परवलीचा शब्द सांगण्याऐवजी स्वतः समोर बसून घालावा. आणि महत्त्वाच्या कागदांची प्रत एका निराळ्या पेनड्राइव्हमध्ये काढून तो पत्र्याच्या पेटीत ठेवावा. तो संगणकास सदैव जोडलेला असू नये, नाहीतर विषाणू त्यातही शिरेल.

इतके करूनही कोणी फसलाच, तर लाजेने गप्प बसू नये. प्रथम आंतरजाल तोडावे. मग बँकेस कळवून खाते व कार्ड बंद करवावे, आणि लागलीच १९३० ह्या सरकारी क्रमांकावर फोन करावा. हा फोन जितका लवकर जाईल, तितका पैसा चोराच्या खात्यात पोहोचण्यापूर्वी वाटेत अडवला जाण्याचा संभव अधिक. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. जव्हार किंवा मोखाडा पोलीस ठाण्यातही ती देता येते. तक्रारीचा क्रमांक, बँकेचा संदेश आणि फसवणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून जवळ ठेवावा. ज्यांच्या घरी हे लिहून घेणारे कोणी नसेल, त्यांनी शाळेत यावे. वरच्या वर्गातील मुले व आम्ही लिहून देऊ.