शास्ति

रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) ह्यांची बंगाली कथा. साधना ह्या मासिकात १८९३ मध्ये प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा अर्थ शिक्षा असा असून ती नेमकी कोणाच्या अपराधाची, हा कथेचा गाभा आहे. कौटुंबिक जमीनदारीच्या व्यवस्थेनिमित्त टागोर पूर्व बंगालच्या ग्रामीण भागात राहत असत. तेथील जीवनावरील त्यांच्या कथांपैकी ही एक.

दुखीराम व छिदाम हे मजुरी करणारे भाऊ. जमीनदाराच्या कचेरीत दिवसभर सक्तीने राबून, पुरती मजुरी न मिळता, ते उपाशीपोटी घरी परततात. दुखीराम भात मागतो. पत्नी राधा झोंबणारे उत्तर देते आणि तो कोयत्याचा घाव तिच्या डोक्यात घालतो. ती तत्काळ मरते. तेवढ्यात गावातील रामलोचन हा प्रतिष्ठित गृहस्थ दारी येतो. त्याच्या प्रश्नावर गांगरलेला छिदाम, धाकट्या सुनेने म्हणजे आपल्याच पत्नीने, चंदराने, भांडणात थोरलीला मारले, असे सांगून बसतो. पत्नीला वाचवायचे तर भावाचे नाव घे, असा सल्ला मिळताच तो म्हणतो, की बायको दुसरी मिळेल, भाऊ मिळणार नाही.

हा तर्क जुना आहे. रामायणाच्या युद्धकांडात लक्ष्मणासाठी शोक करणारा राम, जातककथांतील उच्छंग जातकामधील स्त्री आणि सॉफोक्लीझच्या नाटकातील अँटिगॉनी हे सर्व त्याचा आश्रय घेतात. तेथे तो बंधुप्रेमाची महती सांगतो. येथे मात्र त्याच्या आधारे एका निरपराध, जिवंत व्यक्तीला फासाच्या वाटेवर ढकलले जाते. दुखीरामचे कृत्य भूक व क्रोध ह्यांच्या आवेगातले आहे. छिदामला मात्र बोललेले मागे घेण्यास अवधी मिळतो आणि तो घेत नाही. म्हणून शोकांतिकेची मुख्य नैतिक जबाबदारी खुनी भावावर नसून छिदामवर येते. खोट्या पुराव्याविषयीच्या सर्वांत कडक तरतुदीत मात्र त्याला बसविणे सोपे नाही, हे विशेष. तेव्हा लागू असलेल्या १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम १९४ देहान्ताचा दोष शाबीत व्हावा ह्या हेतूने किंवा तसे होण्याचा संभव जाणून दिलेल्या खोट्या पुराव्यास लागू पडे. छिदामला तर पत्नी सुटावी असेच वाटत असते आणि तिला स्वसंरक्षणाची बनावट हकीकत पढविलेलीही असते.

जमीनदाराच्या कचेरीलाच खरा अपराधी ठरविणे सोपे आहे. कथेत त्या जुलमाला स्थान आहे, पण त्याआड छिदामची निवड लपत नाही.

जेमतेम सतरा-अठरा वर्षांची चंदरा पढविलेले बोलत नाही. जावेचा राग येई म्हणून मारले, एवढेच ती पोलिसांपासून सत्र न्यायालयापर्यंत सांगते. दोघे भाऊ गुन्हा अंगावर घेतात, तेव्हा ते तिला वाचविण्यासाठी खोटे बोलत आहेत असे न्यायाधीशास वाटते; सत्य उच्चारले जाते ते अशा वेळी, की त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या मृत्यूला चंदराही अंशतः कारण ठरते, हे नाकारता येत नाही. तथापि तिच्या हट्टाला आत्मनाश म्हणणे अपुरे आहे. पतीने केलेले आपले मोल तिला कळले आहे आणि त्याच्या मदतीने वाचणे तिला नको आहे. फाशीपूर्वी ती आईला भेटू इच्छिते. पती भेटू इच्छितो असे कळताच ती एकच शब्द उच्चारते. तो बंगाली स्त्रियांच्या तोंडी तिटकाऱ्याने येणारा, पण शब्दशः मृत्यूवाचक आहे. कथा तेथेच संपते.