बिशपांचे घर आणि देवळाचा जमाखर्च

आमच्या आळीत एक लहानसे देऊळ आहे. त्याच्या जमाखर्चावर हिशेबतपासनीस म्हणून मी लागोपाठ पाच वर्षे सही केली आणि त्या पाच वर्षांत वही एकदाही उघडून पाहिली नाही. आळस हे त्याचे कारण नव्हे. निदान नुसता आळस नव्हे. देवळाचे कारभारी काका म्हणजे साधेपणाचा पुतळा. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून बाजारातून नारळाची पिशवी खांद्यावर टाकून पायी येणारे, आणि उत्सवाच्या दिवशी देवळाच्या चहालाही न शिवणारे. अशा माणसाकडे वही मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर त्याचा अपमान करणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत कुठे ढिली झाली म्हणाल, तर जर्मनीतल्या लिंबुर्ग नावाच्या गावी.

माझा एक जुना विद्यार्थी फ्रांकफुर्टला इंजिनियर आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. एका संध्याकाळी त्याने आपल्या पगाराचा कागद माझ्यापुढे ठेवला. "सर, ही रकमेची जागा कोरी दिसते ना? ती चर्चच्या कराची." मला प्रथम थट्टाच वाटली. पण त्या देशात रीतच अशी आहे. गावात नाव नोंदवताना सरकारी कचेरी धर्म विचारते. तुम्ही कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट पंथाचे सभासद असाल, तर आयकराच्या रकमेवर बहुतेक राज्यांत ९ टक्के, दक्षिणेकडच्या दोन राज्यांत ८ टक्के, एवढा कर सरकारच कापून घेते आणि चर्चच्या हवाली करते. पेटीत नाणे टाकायचे की नाही हा प्रश्नच नाही. आमचा विद्यार्थी हिंदू, म्हणून त्याची जागा कोरी. कर द्यायचा नसेल तर रीतसर अर्ज करून चर्चमधून बाहेर पडावे लागते. हे बाहेर पडणे पुढे महत्त्वाचे ठरले, म्हणून एवढे सांगितले.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने आम्ही लिंबुर्गला गेलो. लान नदीच्या काठी टेकडीवर सात मनोऱ्यांचे तेराव्या शतकातले कॅथीड्रल उभे आहे. जुन्या हजार मार्कांच्या नोटेच्या पाठीवर हेच चित्र होते. चर्च आणि पैसा यांची अशी गाठ टांकसाळीनेच घालून ठेवावी, ही मोठी मौज! कॅथीड्रलच्या समोर बिशपांचे नवे निवासस्थान आहे. जुन्या घराला लागून नवी, सपाट, मापून बसवलेली दगडी बांधणी आणि मधोमध एक काळे कुळकुळीत प्रार्थनामंदिर. खरे सांगतो, मला ते सुंदर वाटले. चटकन निषेध करावा असे तिथे काही दिसेना.

हे घर बांधणारे बिशप म्हणजे फ्रान्झ-पेटर टेबार्ट्स-फान एल्स्ट. वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींचा शब्द वापरायचा तर लिंबुर्ग धर्मप्रांताचे प्रमुख म्हणून ते २००८ साली आले. वय अठ्ठेचाळीस, माणूस विद्वान, प्राध्यापकी केलेला. बांधकामाचा खर्च लोकांना प्रथम सांगितला गेला तो सुमारे ५५ लाख युरो. २०१३ च्या उन्हाळ्यात तो एक कोटीच्या घरात गेला असे कळले, आणि ऑक्टोबरात आकडा बाहेर आला तो ३ कोटी १० लाखांचा. मग वर्तमानपत्रांना ऊत आला. १५ हजार युरोंचे न्हाणीघरातले टब तर साऱ्या जगाने पाहिले. बागेतल्या माशांच्या हौदाला २ लाख १३ हजार लागले. प्रार्थनामंदिरात नाताळआधीचे पर्णचक्र छतातून टांगलेले हवे, म्हणून पुरे झालेले छप्पर पुन्हा उघडावे लागले.

याआधी एक प्रकरण झाले होते, आणि ते आपल्याकडचे आहे. २०१२ च्या जानेवारीत बिशपमहाराज बंगळूरला आले होते, ते गोरगरिबांसाठी चाललेली कामे पाहायला. आले ते विमानाच्या पहिल्या वर्गातून. 'श्पीगेल' साप्ताहिकाच्या बातमीदाराने हटकले, तेव्हा आपण बिझनेस वर्गातून गेलो असे ते म्हणाले. सहकाऱ्याच्या साचलेल्या मैलांवर वरचा वर्ग मिळाला होता, जादा पैसे पडलेच नव्हते, असा त्यांचा खुलासा होता. तो ऐकून लोक कदाचित गप्पही बसले असते. पण आपण तसे बोललोच नव्हतो, असे प्रतिज्ञापत्र त्यांनी हँबुर्गच्या कोर्टात दिले, आणि बातमीदाराकडे तर त्या बोलण्याचे चित्रीकरण होते. २०१३ च्या नोव्हेंबरात २० हजार युरो भरण्याच्या अटीवर ते प्रकरण बंद झाले. कायद्याने ते दोषी ठरले नाहीत. दरम्यान रोमला खुलासा द्यायला जाताना मात्र ते स्वस्तातल्या विमानाने गेले. सगळ्या जर्मनीला हसू फुटले.

हसू बाजूला ठेवू. मला ज्याने विचारात पाडले ते टब नव्हे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये चर्चच्याच चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की ५० लाख युरोंवरच्या कामाला रोमची मंजुरी लागते, म्हणून एकाच बांधकामाचे दहा तुकडे करून प्रत्येक तुकडा त्या मर्यादेखाली ठेवला होता. पैसा करातून आलेला नव्हता. बिशपांच्या गादीचा एक वेगळा निधी असतो, त्यातून तो आला. आणि त्यातला मोठा भाग युद्धानंतर लेकुरवाळ्या कुटुंबांना घरे मिळावीत म्हणून काढलेल्या एका संस्थेचा होता. त्या निधीवर देखरेख करणारी माणसे तीन, आणि तीही बिशपांनीच नेमलेली. प्रश्न विचारायचा कुणी?

विचारला तो भाविकांनीच. बिशपांविरुद्ध जाहीर पत्र निघाले, त्यावर चार हजारांहून अधिक सह्या पडल्या, आणि त्यात पुढाकार फ्रांकफुर्टच्या एका वजनदार धर्मगुरूचा होता. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये बिशपांना दूर ठेवले आणि पुढच्या मार्चमध्ये राजीनामा स्वीकारला. पुढे त्यांना रोममध्ये दुसरे काम मिळाले. इकडे २०१३ साली जर्मनीत १ लाख ७८ हजारांवर कॅथलिकांनी चर्च सोडले. आदल्या वर्षी हा आकडा १ लाख १८ हजार होता. सगळे या घरापायी गेले असे मी म्हणणार नाही. पण गेले ते आपल्या पगाराच्या कागदावर ती जागा कोरी करून गेले.

आता ज्या गोष्टीसाठी हा प्रपंच केला ती सांगतो. या बिशपांच्या आधी पंचवीस वर्षे गादीवर होते फ्रान्झ काम्पहाउस. त्यांनी बिशपांचे घर एका निर्वासित कुटुंबाला राहायला दिले, स्वतः धर्मशिक्षणाच्या विद्यालयातल्या खोल्यांत राहिले, लहानशी मोटार वापरली. निवृत्तीनंतर अपंगांच्या एका आश्रमात त्यांच्यातलेच होऊन राहिले. २०२४ साली वारले. लोक त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे गाडगेबाबांविषयी बोलतात तसे बोलतात. पण गादीच्या निधीचा ताळेबंद त्यांच्याही काळी जाहीर होत नव्हता. जर्मनीत कुठेच होत नव्हता. साधा माणूस बसला होता, म्हणून पेटीला कुलूप कसले आहे हे कुणी पाहिलेच नाही. पेटी होती तशीच पुढच्या माणसाच्या हाती गेली. लिंबुर्गनंतर मात्र एकेक धर्मप्रांत आकडे छापू लागला. कोलोनने २०१५ साली आपली मालमत्ता ३३५ कोटी युरो असल्याचे जाहीर केले, तेव्हा नेहमी प्रार्थनेला जाणारेही चकित झाले.

लिंबुर्गचे आजचे बिशप त्या घरात राहायला गेले नाहीत. पाहुण्यांना ते हिंडून दाखवतात. आम्हीही हिंडलो. विद्यार्थी म्हणाला, "सर, एकदम गप्प झालात?" मी काय सांगणार! माझ्या डोळ्यांपुढे नारळाची पिशवी होती.

घरी परतल्यावर चार दिवस धीर गोळा करून मी काकांकडे गेलो आणि चाचरत वह्या मागितल्या. ते रागावतील, निदान दुखावतील, असे वाटले होते. त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. "मास्तर, पाच वर्षे मी वह्या बांधून तुमची वाट पाहतोय," ते म्हणाले. "तुम्ही सही करून चहा घेऊन जात होतात. मला वाटायचं, देवळाशी कुणाला देणंघेणंच उरलं नाही."

वह्या त्यांनी फडताळातून काढल्या. लाल कापडात, सालवारीने बांधलेल्या. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघे बेरजा करीत बसलो. तिसऱ्या वहीत सतरा रुपयांचा फरक निघाला. ते सतरा रुपये काकांचे देवळाकडे निघतात की देवळाचे काकांकडे, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.