रेषेपलीकडे बंद पडलेली गाडी

ॲडलेड, दक्षिण ऑस्ट्रेलिया

आई महिनाभरासाठी आटपाडीहून इकडे आली होती. तिला ब्रोकन हिल हे खाणीचं जुनं गाव दाखवावं म्हणून जुलैतल्या एका शनिवारी आई, बायको आणि मी असे आम्ही तिघं बॅरियर हायवेला लागलो. ॲडलेडपासून हे अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक. वाटेतलं टेरोवी गाव मागे पडलं आणि अर्ध्या तासात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर रेडिएटरचा रबरी पाइप फाटलेला. गरम पाणी मातीत सांडत होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, सहाच्या आत अंधार. आजूबाजूला गुडघाभर उंचीची राखाडी झुडपं, एक तारेचं कुंपण आणि सरळ जाणारा डांबरी रस्ता. आईनं खाली उतरून चौफेर पाहिलं आणि म्हणाली, "आपल्याकडे एवढ्यात चार माणसं जमली असती रे."

खरंच जमली असती. एकानं पाण्याची कळशी आणली असती, दुसऱ्यानं मोटारसायकलवरून फाट्यावरचा मेकॅनिक आणला असता. जिथे चार माणसं जमू शकत नाहीत, तिथे मदत कशी येते, हे त्या दिवशी मी जवळून पाहिलं. तेच या पत्रात सांगायचं आहे.

आधी त्या जागेबद्दल. १८६५ साली जॉर्ज गॉयडर या सर्व्हेअर जनरलनं घोड्यावरून फिरून तेव्हाच्या दक्षिण ऑस्ट्रेलिया वसाहतीच्या नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेला पेरणीवर भरवसा ठेवता येईल, उत्तरेला नाही, असा तिचा अर्थ. पुढे काही वर्षं पाऊस चांगला झाला. लोकांनी रेषा ओलांडून गहू पेरला, दगडी घरं बांधली. मग १८८०च्या दशकात दुष्काळ आला आणि ती कुटुंबं उठून गेली. बिनछपराच्या त्या भिंती हायवेवरून आजही दिसतात. पर्जन्यछायेतल्या माणदेशात वाढलेल्या माझ्या आईला ही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. रेषेच्या पलीकडे शेती जवळजवळ नाही, बहुतेक मेंढ्यांची कुरणं. एकेक कुरण शेकडो चौरस किलोमीटरचं, आणि त्यात राहणारं कुटुंब बहुधा एकच. वस्ती विरळ म्हणून मोबाइलचे मनोरे विरळ, गॅरेज विरळ आणि टो-ट्रकही विरळ. पावसाची ती रेषा आता मदतीचीही रेषा झाली आहे.

माझ्या फोनवर सिग्नलची एकच काडी होती. मी १३ ११ ११ हा क्रमांक लावला. तो देशभरातल्या मोटारचालकांच्या संघटनांचा सामाईक क्रमांक आहे. पलीकडच्या बाईंचा पहिला प्रश्न गाडीबद्दल नव्हता. तुम्ही रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर आहात का, सोबत लहान मूल किंवा वयस्कर कुणी आहे का, पाणी आणि गरम कपडे आहेत का, हे त्यांनी आधी विचारलं. मग सभासद क्रमांक. आणि मग तो प्रश्न, ज्यावर सगळं अवलंबून असतं : तुम्ही नेमके कुठे आहात?

मी आजूबाजूला पाहिलं. देऊळ नाही, पूल नाही, धाबा नाही. थोडं मागे एक छोटा फलक होता, त्यावर इंग्रजी 'वाय' आणि खाली ४०. इथल्या ग्रामीण हायवेवर ठरावीक अंतरावर असे फलक असतात. अक्षर पुढच्या गावाचं, आकडा तिथवरच्या किलोमीटरांचा. म्हणजे युंटा ४० किलोमीटर. एवढं सांगितलं आणि बाई म्हणाल्या, "पुरे. पीटरबरोहून ट्रक निघेल, सुमारे दीड तास लागेल. गाडी सोडून कुठे जाऊ नका."

त्या दीड तासात आमच्यासाठी तीन वाहनं थांबली. इकडे उघडं बॉनेट म्हणजे हाकच समजली जाते. पहिला थांबला दोन ट्रेलर ओढणारा एक रोड ट्रेन. एवढं धूड थांबवून पुन्हा वेग पकडणं किती खर्चाचं आणि कटकटीचं असतं, ते ट्रकवाल्यांनाच ठाऊक. त्यानं केबिनमधल्या यूएचएफ रेडिओवर चाळीस नंबरच्या चॅनेलवरून मागच्या-पुढच्या गाड्यांना आमची जागा कळवली. हायवेवरचे ट्रकवाले हाच चॅनेल ऐकत असतात. जिथे मोबाइल मुका होतो, तिथे हा रेडिओ काही किलोमीटरपर्यंत पोचतो. मग एक निवृत्त जोडपं थांबलं आणि पाण्याचा कॅन ठेवून गेलं. शेवटी आपल्या छोट्या ट्रकमध्ये कुत्रा घेऊन पीटरबरोला निघालेली एका कुरणावरची बाई थांबली. टो-ट्रकच्या केबिनमध्ये चालकाशिवाय दोघांनाच जागा असते, हे तिला माहीत होतं. आम्हाला ते सुचलंही नव्हतं. आई आणि बायकोला ती आपल्याबरोबर घेऊन गेली.

ट्रक आला तेव्हा तिन्हीसांजेचा अंधुक प्रकाश उरला होता. चालकानं मागचा सपाट पाट उताराला लावला, विंचच्या तारेनं गाडी वर ओढली आणि चारही चाकं पट्ट्यांनी आवळली. याला इथे टिल्ट ट्रे म्हणतात. हल्लीच्या ऑटोमॅटिक आणि चारही चाकांना जोर असणाऱ्या गाड्या दोर बांधून ओढल्या तर गिअरबॉक्सची वाट लागते, म्हणून गाडी अशी उचलून नेणंच सुरक्षित. परतीच्या वाटेवर तो हळू चालवत होता, कारण संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात. बोलता बोलता त्यानं आपल्या कामाचं स्वरूप सांगितलं. गॅरेज त्याचं स्वतःचं, ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्त करणं हा रोजचा धंदा, आणि संघटनेशी करार असल्यामुळे रात्री-अपरात्री असे फोन. पीटरबरोची वस्ती दीड हजाराच्या आसपास. अशा गावांत एकेक माणूस चार कामं उचलतो. अपघातात पत्रा कापून माणसं बाहेर काढणारी पथकंसुद्धा बव्हंशी गावातल्या स्वयंसेवकांचीच असतात.

आता ही संघटना म्हणजे काय, ते सांगतो, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला ते लगेच उमगेल. प्रत्येक राज्याची आपली संघटना आहे. व्हिक्टोरियाची आणि आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाची १९०३ साली निघाली, क्वीन्सलंडची १९०५ साली. मोटार ही तेव्हा मूठभरांची चैन होती, पण रस्ते खराब आणि वाट दाखवणारे फलक नव्हते, म्हणून गाडीवाले एकत्र आले. आमची संघटना, 'आरएए', आजही सभासदांच्याच मालकीची आहे. सुमारे एकोणीस लाख लोकवस्तीच्या या राज्यात तिचे सभासद आठ लाखांहून जास्त आहेत. आपल्याकडच्या सहकारी संस्थेसारखीच ही गोष्ट : ज्याची गाडी वर्षभर सुरळीत चालली, त्याच्या वर्गणीतून माळावर अडकलेल्याचा ट्रक निघतो. एका राज्याच्या सभासदाला दुसऱ्या राज्यातली संघटनाही मदत करते.

सहकाराला नियम असतात, तसे इथेही आहेत. सर्वांत स्वस्त वर्गणीत ग्रामीण भागात ठरावीक किलोमीटरपर्यंतच गाडी फुकट नेतात, पुढे दर किलोमीटरला पैसे. वरच्या दर्जाच्या सभासदत्वात जास्त अंतर, हॉटेलचा खर्च आणि बदली गाडीही मिळते. माझी वर्गणी शहरापुरती होती आणि त्या दिवशी वरच्या किलोमीटरांचे पैसे मला भरावे लागले. मी ते आनंदानं भरले. पण वाळवंटी कच्च्या वाटांवर गाडी अडकली तर हेच बिल हजारो डॉलरवर जाऊ शकतं. काही ठिकाणी तर ही सेवा पोचतच नाही.

म्हणून गाडी बंद पडणं आणि जीव धोक्यात येणं, यांत इथे काटेकोर फरक करतात. ट्रिपल झिरो, म्हणजे ०००, हा क्रमांक पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिकेसाठी आहे. टो-ट्रकसाठी तो लावायचा नाही. मोबाइलवरून ११२ लावलं तरी फोन तिथेच जातो, हे भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आडवाटेला जाणारे लोक सोबत संकटसूचक बीकन ठेवतात. त्याचा ४०६ मेगाहर्ट्झचा संदेश उपग्रहामार्फत कॅनबेरातल्या बचाव केंद्राला पोचतो. पण तो दाबायचा जिवावर बेतल्यावरच.

आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा : गाडी सोडू नका. डिसेंबर १९६३मध्ये बर्ड्सव्हिल ट्रॅक या वाळवंटी वाटेवर पेज कुटुंबाच्या गाडीतलं पेट्रोल संपलं. ऐन उन्हाळ्यात ते गाडी सोडून पायी निघाले आणि पाचही जण तहानेनं मेले. माळावर माणूस ठिपक्याएवढा असतो, गाडी विमानातूनही दिसते. गाडी सावली देते, थंडीत आडोसा देते, तिच्यात पाणी असतं. फोनवरच्या त्या बाईंनी संभाषण त्याच वाक्यावर का संपवलं, हे मला नंतर कळलं.

मदत करणाऱ्याचा जीवही या व्यवस्थेत मोलाचा आहे. रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून पट्ट्या बांधणाऱ्याच्या शेजारून ताशी ११० किलोमीटरनं गाड्या जातात. दक्षिण ऑस्ट्रेलियात अग्निशमन किंवा पोलीस दिवे लावून थांबले असतील, तर शेजारून जाताना वेग २५पर्यंत उतरवावा लागतो. २०२४पासून पिवळे दिवे लावलेल्या मदतगाड्यांनाही तेच संरक्षण मिळालं. माझ्या डोळ्यांसमोर एकामागून एक ट्रक असे मंदावत गेले.

रात्री पीटरबरोत ती कुरणावरची बाई आई आणि बायकोला चहा पाजून बसली होती. आईनं तिला एकच प्रश्न विचारला, मी भाषांतर केलं : तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर माणसं घर शोधतात कशी? ती म्हणाली, "फाटकावर नंबर आहे ना." इथल्या ग्रामीण घरांचा क्रमांक म्हणजे अंतर असतं. आकड्याला दहानं गुणायचं, की रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे मीटर मिळतात. १२५४ क्रमांकाचं फाटक म्हणजे साडेबारा किलोमीटरच्या थोडं पुढे. अंधारात, धुळीत, गाव माहीत नसलेल्या चालकालाही ते सापडतं. आई बराच वेळ गप्प होती.

आपल्याकडेही आता सोयी आहेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८. माणसं तर जमतातच, आणि ती फार मोठी दौलत आहे. पण फोनवर "वडाच्या झाडापासून डावीकडं, मग कुणालाही विचारा" असं सांगताना किती मिनिटं जातात, हे वस्तीवर राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. रात्री दोन वाजता विचारायला वडाखाली कुणी नसतं. वर्गणी, फलक, फाटकावरचा आकडा ही सगळी मदत आधीच मांडून ठेवलेली असते, संकटाच्या क्षणी ती फक्त उचलायची असते. माणूस कमी असलेल्या मुलखानं हे गरजेपोटी शिकून घेतलं.

आई परत जाऊन दोन महिने झाले. परवा फोनवर भाऊ सांगत होता की आल्या आल्या तिनं मोटारसायकलवर मागे बसून त्याला फाट्यापासून वस्तीपर्यंतचं अंतर मोजायला लावलं. आता आमच्या कुंपणाच्या दगडी खांबावर पांढऱ्या रंगात लिहिलं आहे : फाट्यापासून २.३ किमी. आणि शेजारच्या तीन वस्त्यांनीही तिच्याकडून रंगाचा डबा मागून नेला आहे.