हलकें पातें आणि जड प्रबंध

खेड्यांतील गवंडी भिंतीची माती कालवितांना तींत चिरलेलें गवत मिसळतो. माती दाब सोसते, पण ताण पडला कीं तडकते. गवत ताण सोसतें, पण त्याला स्वतःच्या बळावर उभें राहतां येत नाहीं. दोहोंची सांगड घातली म्हणजे भिंत टिकते. विमानांत वापरल्या जाणाऱ्या संमिश्र द्रव्यांचें तत्त्व याहून फारसें निराळें नाहीं. मातीच्या जागीं राळ आणि गवताच्या जागीं केसाहूनहि बारीक असे कार्बनचे तंतू, एवढाच फरक. सारख्या आकाराच्या पोलादाच्या चतुर्थांशाहूनहि याचें वजन कमी भरतें.

असे बळकट तंतू इंग्लंडांत फार्नबरो येथील सरकारी संशोधनशाळेंत १९६३-६४ च्या सुमारास तयार झाले. रोल्स-रॉईस कंपनीनें आपल्या आर्. बी. २११ इंजिनाच्या पंख्याचीं पातीं त्यांचींच करावयाचें ठरविलें. उडत्या विमानावर पक्षी आदळतात. म्हणून कसोटीच्या वेळीं मेलेली कोंबडी तोफेंतून फिरत्या पात्यांवर मारतात. १९७० सालीं या कसोटींत तीं पातीं फुटलीं. पुन्हा टायटॅनियमकडे वळावें लागलें, आणि फेब्रुवारी १९७१ मध्यें कंपनीचें दिवाळें निघालें. सारा दोष पात्यांच्या माथीं मारणें मात्र न्यायाचें नव्हे. खर्चाचा अंदाजच मुळांत चुकला होता.

पण इतकें बळकट द्रव्य फुटलें कां? पितळेचें भांडें पडलें तर त्याला पोचा येतो आणि तो कोणासहि दिसतो. संमिश्र द्रव्य हें पातळ थरांचें असतें. तंतूंच्या दिशेनें त्याचें बळ अफाट. पण थराला थर धरून ठेवते ती केवळ राळ. आघात झाला कीं वरचा पृष्ठभाग जसाच्या तसा राहतो, आणि आंत थर एकमेकांपासून सुटतात. पुढें दाब पडला म्हणजे हे सुटे थर एकेकटे वांकतात.

या अदृश्य इजेच्या अभ्यासांत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याचीं तीन-चार वर्षें सहज जातात. एकअष्टमांश मिलिमीटर जाडीचे वीस-पंचवीस थर निरनिराळ्या दिशांनीं रचून तो फळी तयार करतो, तिच्यावर ठराविक उंचीवरून वजन टाकतो, कानाला न ऐकूं येणाऱ्या ध्वनिलहरींनीं तिचें अंतरंग तपासतो, आणि शेवटीं ती दाबून मोडतो. गणितानें दिलेला आंकडा आणि मोडतांनाचा आंकडा जुळत नाहीं, तेथून त्याचा खरा प्रबंध सुरू होतो.

श्रोत्यांना वाटेल, एवढ्या वर्षांत हें गणित सुटलें असेल. ब्रिटिश संशोधकांनीं निरनिराळ्या सिद्धान्तांच्या कर्त्यांना चौदा उदाहरणें देऊन, प्रयोगाचे निकाल न दाखवितां, उत्तरें मागविलीं. तीं १९९८ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि त्यांची प्रयोगांशीं तुलना २००४ सालीं पुरी झाली. सर्व उदाहरणांत अचूक ठरला असा एकहि सिद्धान्त निघाला नाहीं.

तरीहि १९९५ सालीं जनरल इलेक्ट्रिकच्या जी. ई. ९० इंजिनांतून संमिश्र पातीं प्रवासी विमानांवर आलीं. त्यांत अधिक चिवट राळ वापरली होती, आणि पक्षी जेथें प्रथम आदळावयाचा, त्या कडेला टायटॅनियमची पट्टी बसविली होती.