परसबागेला निंबोळी तेल, पण मापाने

पावसाळा सरत आला की वस्तीतल्या परसबागांत भेंडीवर मावा आणि वांग्यावर पांढरी माशी दिसू लागते. मग कुणीतरी मालकाच्या शेतावरचं उरलेलं फवारणीचं औषध पाण्याच्या जुन्या बाटलीत घालून आणतं. कीड पटकन मरते. बाटली मात्र स्वयंपाकघरातल्या फळीवर राहते, आणि दोन दिवसांनी तीच भेंडी ताटात येते.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम करत होतो, तेव्हा अशा बाटल्यांतलं विष पोटात गेलेले रुग्ण पाहिले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंग घामाने चिंब, आणि रात्रभर ॲट्रोपिनची इंजेक्शनं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. रोजंदारीवर पाठीला पंप बांधणारे आपल्याच घरातले असतात. निदान घरामागच्या चार वाफ्यांत तरी हे विष नको, म्हणून आमच्या महिला गटाने निंबोळी तेल धरलं.

निंबोळीच्या बीमधलं अझाडिरॅक्टिन किडीची खाण्याची इच्छा मारतं आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. म्हणजे फवारलं आणि मेली, असं होत नाही. पहिल्या वर्षी अर्ध्या जणींनी इथेच हात टेकले. "ताई, किडे तर तसेच फिरतात!" चार-पाच दिवस थांबा, मग पाहा. वांग्याचा शेंडा पोखरून आत बसलेल्या अळीपर्यंत मात्र तेल पोचत नाही. तो शेंडा खुडून नष्टच करावा लागतो.

घाण्याचं शुद्ध तेल असेल तर एक लिटर पाण्याला ५ मिली. बाजारातलं तयार औषध असेल तर लेबलवरचं माप पाळा. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे काही थेंब टाकून त्यात तेल फेटा. दुधासारखं झालं की बाकीचं पाणी ओता. हे फेटणं टाळलं तर तेल वर तरंगतं आणि पानं करपतात. आधी एका रोपावर मारून दिवसभर वाट बघा. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर आणि मधमाश्या परतल्यावर करा. पानाच्या खालच्या बाजूला जरूर मारा, कीड तिथेच असते. कालवलेलं त्याच दिवशी संपवा, आठवड्याने पुन्हा फवारा. भाजी धुऊनच चिरा, हे वेगळं सांगायला नको.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. 'झाडाचं आहे, बाधत नाही' ही समजूत खोटी आहे. जंत किंवा खोकल्यावर बाळाला कडुनिंबाचं तेल पाजल्याने उलट्या, गुंगी, झटके येऊन मुलं अत्यवस्थ झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. चमचाभर तेलही पुरतं. करंजाचं तेलही पोटात घ्यायचं नाही. म्हणून तेल खाद्यतेलाच्या बाटलीत भरू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि ती कुलपात ठेवा. मुलाने प्यायलंच तर उलटी काढायला जाऊ नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात ती बाटलीही बरोबर न्या.