कानांत उरलेली गाणी

पिंक फ्लॉइडचा १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ठोक्यांनीच संपतो. वैद्यकीचे शिक्षण घेताना मी त्याची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. २००२ मध्ये त्या बँडचे पूर्वीचे गायक रॉजर वॉटर्स बंगळूरला आले, तेव्हा चिंचवडचा दवाखाना बंद ठेवून गेलो. परतताना मनात आनंद होता, कानांत शीळ. ती सकाळी थांबली.

चाकणच्या प्रेस शॉपमधील माझ्या एका रुग्णाची शीळ मात्र थांबलेली नाही. अंतर्कर्णातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास, १०० डेसिबलमध्ये जेमतेम १५ मिनिटे, ही कानांची मर्यादा मानतात.

वाचकहो, कारखाना असो वा कार्यक्रम, इअरप्लग घाला. मी घालतो, ठोके तरीही ऐकू येतात.