थंडीत व्यायामाचा नेम का मोडतो?

- प्रतिनिधी

दिवाळीचे अभ्यंगस्नान आटोपले की थंडीची चाहूल लागते आणि 'यंदा व्यायाम सुरू करायचाच' असा संकल्प घरोघरी सोडला जातो. नवे बूट खरेदी होतात, कपाटाच्या तळाशी गेलेली कानटोपी बाहेर निघते. पुण्यातील तळजाई आणि पर्वती असो वा मुंबईतील शिवाजी पार्क, सकाळी फिरणाऱ्यांमध्ये नवे चेहरे दिसू लागतात. मात्र, डिसेंबरात पारा उतरला की गजर बंद करून हात पुन्हा दुलईत शिरतो. संक्रांतीचा तिळगूळ वाटेपर्यंत अनेकांचा नेम मोडलेला असतो.

याचे खापर बहुधा आळसावर फोडले जाते. 'आपल्याला इच्छाशक्तीच नाही,' अशी कबुलीही दिली जाते. प्रत्यक्षात मात्र उणीव इच्छेची कमी आणि नियोजनाची अधिक असते.

अडचण थंडीची की अंधाराची?

महाराष्ट्रातील थंडी तशी सौम्यच. पुण्यात डिसेंबर-जानेवारीतील किमान तापमान सर्वसाधारणपणे १० ते १२ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि मुंबईत तर त्याहून बरेच अधिक. खरी अडचण सूर्योदयाची आहे. जूनच्या आरंभी पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो. जानेवारीच्या मध्यावर मात्र त्यासाठी सात वाजून जातात. उन्हाळ्यात सहा वाजता उजेडात घराबाहेर पडणारी व्यक्ती हिवाळ्यात त्याच वेळी अंधारात पाऊल टाकत असते.

आपल्या शरीराचे घड्याळ प्रामुख्याने उजेडावर चालते. अंधारात झोपेस पोषक असे 'मेलॅटोनिन' हे संप्रेरक स्रवते, तर पहाटेच्या सुमारास शरीराचे तापमान दिवसातील सर्वांत कमी पातळीवर असते. अशा वेळी अंथरूण सोडणे जड वाटले, तर त्यात स्वभावाचा दोष नाही. हिवाळ्यापुरती व्यायामाची वेळ तासभर पुढे ढकलणे किंवा ती संध्याकाळी ठेवणे, हा यावरचा सरळ उपाय आहे. सकाळी कचेरी गाठण्याची घाई असणाऱ्यांना संध्याकाळ अधिक सोयीची ठरते.

खंड महागात पडतो

थंडीत त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढण्याकडे कल असतो. याच दिवसांत भूक वाढते. डिंकाचे लाडू, हुरडा आणि लग्नसराईतील पंगती यांचीही भर पडते. म्हणजे शरीराला हालचालीची गरज अधिक असते, नेमक्या त्याच काळात आपण ती थांबवतो.

मधुमेही व्यक्तींच्या बाबतीत हा खंड अधिक जाणवतो. व्यायामामुळे इन्सुलिनला शरीराकडून मिळणारा प्रतिसाद सुधारतो. पण हा परिणाम साधारणपणे एक-दोन दिवसच टिकतो. म्हणूनच मधुमेहींनी सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असा सल्ला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस झपाझप चालले, तरी हा हिशेब पूर्ण होतो.

संकल्पाला वेळ आणि जागा हवी

ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात बोलका आहे. त्यात विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले होते. एका गटाला व्यायामाविषयी विशेष काहीच सांगितले नव्हते. दुसऱ्याला व्यायामाचे फायदे पटवून देण्यात आले. तिसऱ्याला ही माहिती देऊन शिवाय पुढील आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार, हे लिहून काढण्यास सांगितले. पहिल्या दोन गटांतील सुमारे ३५ ते ३८ टक्के विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात व्यायाम केला; तिसऱ्या गटात हे प्रमाण ९१ टक्के होते. केवळ फायदे पटल्याने फारसा फरक पडला नाही, वेळ व जागा ठरवल्याने पडला.

सवय अंगवळणी पडण्यास किती दिवस लागतात, याचा अभ्यास लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हा कालावधी व्यक्तिपरत्वे १८ ते २५४ दिवस, तर मध्यक ६६ दिवस आढळला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत विशेष बाधा येत नाही, हेही दिसून आले. एक दिवस चुकला म्हणून सारेच सोडून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

नेम टिकवण्यासाठी

* 'उद्यापासून चालेन' असे मोघम न ठरवता 'सकाळचा चहा झाला की सव्वासातला कोपऱ्यावरच्या बागेत' असे निश्चित ठरवावे.
* कपडे, मोजे आणि बूट रात्रीच काढून ठेवावेत.
* सोबती शोधावा. फाटकाशी कोणी वाट पाहत असेल, तर पाय आपोआप निघतात.
* फारच कंटाळा आल्यास घरीच दहा मिनिटे सूर्यनमस्कार घालावेत. व्यायाम थोडा झाला तरी चालेल, नेम मोडू नये.
* पहिल्याच दिवशी दमछाक करून घेऊ नये. वाग्भटांच्या 'अष्टांगहृदया'तही थंडीच्या दिवसांत व्यायाम सांगितला आहे, तो 'अर्धशक्ती'ने, म्हणजे निम्म्या ताकदीने.

ही काळजी घ्या

थंड स्नायू चटकन दुखावतात. त्यामुळे घराबाहेर पडण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे हातपाय मोकळे करावेत. एकच जाड स्वेटर घालण्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे घालावेत, म्हणजे अंग तापल्यावर वरचा कपडा काढता येतो. थंडीत तहान कमी लागते, तरीही पाणी पिणे विसरू नये.

शहरात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही. वाहनांचा धूर, शेकोट्यांचा धूर आणि धूळ त्यात अडकून राहते. दमा असणाऱ्यांनी ऊन पडून हवा मोकळी होईपर्यंत थांबावे. हृदयविकार वा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच व्यायाम ठरवावा. छातीत दाटून आल्यास, हात किंवा जबड्याकडे कळ गेल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

उद्याचा गजर लावताना एक चिठ्ठीही लिहावी. वार, वेळ, जागा आणि सोबत कोण, एवढेच त्यात असावे. ती बुटांत ठेवून निश्चिंत झोपावे.